पालमच्या स्टँडसमोरची भिंत

गंगाखेड,
होळीच्या आधीचा गुरुवार, १९८८

तीर्थस्वरूप महालिंगअप्पा दाजी यांच्या चरणी धाकटा मेव्हणा मन्मथअप्पा पेंटर याचा शिरसाष्टांग शरणार्थ.

इकडे सर्व खुशाल. तिकडे सोलापुरात आपला गुडघा, आपली खोली आणि आपली गिरणी यांतले काय काय चालू आहे ते कळवावे. आमच्या सौ. मल्लम्माने तुमच्यासाठी जवसाची चटणी कुटून ठेवली होती, ती मी खाल्ली. दुसरी झाली की पाठवतो.

पत्रास कारण माझा धंदा. मानवतचे आबासाहेब कापडाचे नवे दुकान काढायलेत असे कळले म्हणून बोर्डाचे काम मागायला गेलो. ते म्हणाले, "पेंटर, आधी केलेलं काम दाखवा की कायतरी." आता दाजी, मी काय दाखवू? ज्या ट्रकांवर मी कमळे काढली ते नागपूरकडे गेले. पोळ्याला रंगवलेली शिंगे बैलांसकट बाजारात विकली गेली. टूरिंग टॉकीजचे बोर्ड तर दर शुक्रवारी मीच पांढरा हात मारून पुसतो. कवीचे बरे असते, वही काखेत मारून गावभर फिरता येते. (ऐकणारा पळतो, ही गोष्ट वेगळी.)

म्हणून बन्सीधर फोटोवाल्याला गाठले. लग्नाच्या रोलात शेवटी दोनचार फोटो उरतात, तेवढ्यात माझे बोर्ड टिपून देतो म्हणाला. स्वस्तातले काम. पण कॅमेरा दिसला की दुकानदार बायकोपोरांसह बोर्डाच्या पुढे येऊन उभा. एकाला जरा बाजूला सरका म्हणालो, तर तो म्हणतो, "दुकान माझं हाय का तुझ्या बोर्डाचं?" असा अल्बम घेऊन पुन्हा मानवतला गेलो. आबासाहेबांनी एकेक पान मन लावून पाहिले. एका किराणा दुकानाच्या फोटोवर तर इतके थांबले की मला वाटले अक्षराचे वळण आवडले. (अक्षरे फक्त 'राणा व भु' एवढीच दिसत होती, बाकी किराणा आणि भुसार डोक्यांमागे.) मग चष्मा पुसून म्हणाले, "ही मुलगी कुणाची? शिकलेली हाय का?" थोडक्यात सांगायचे तर वैशाखात त्यांच्या पुतण्याचे लग्न ठरले. बोर्डाचे काम मात्र दुसऱ्या पेंटरला गेले, कारण मी आता मध्यस्थ, म्हणजे मानाचा माणूस, आणि मानाच्या माणसाला शिडीवर कसे चढवायचे?

तेव्हा मल्लम्मा म्हणाली, लोकांच्या दारात अल्बम नाचवण्यापेक्षा लोक आपणहून येतील अशा जागी काम मांडा. बाईने लाख मोलाची गोष्ट सांगितली. पालमला एस.टी. स्टँडसमोर एक भिंत माझ्या नजरेत होतीच. मालक बाहेरगावी, घरातली बाई प्रेमळ. दुसऱ्या दिवशी उरलेसुरले रंगांचे डबे घेऊन पोचलो आणि आख्ख्या भिंतीवर नमुने काढायला लागलो.

पहिल्याच दिवशी हवालदार आला. विद्यापीठाच्या नामांतराच्या घोषणांमुळे भिंतीवर ब्रश टेकवणाऱ्या प्रत्येकावर त्यांचा डोळा. "काय लिहायलाय? कुणाच्या बाजूनं?" मी म्हणालो, साहेब, ऑइलपेंटच्या बाजूनं. त्याने सगळी भिंत वाचली आणि 'येथे लघवी करू नये' या नमुन्यापाशी म्हणाला, एवढ्या एका ओळीवर तरी गावात मतभेद नसावा. मतभेद संध्याकाळीच निघाला. ज्या कोपऱ्यात आजवर कुणाला सुचले नव्हते तिथे ती ओळ वाचून रांग लागली.

बैलाचा नमुना मी जीव ओतून काढला. शेतकरी त्याच्यापुढे उकिडवे बसून वशिंडावर वाद घालायचे. आश्रुबा नावाच्या गृहस्थाने तर दात दाखवा म्हटले. सर्वात मोठी चूक म्हणजे हॉटेलाच्या बोर्डाचा नमुना म्हणून 'गरम चहा व भजी तयार मिळतील' असे लिहिले. गाडीतून उतरलेली माणसे सरळ घरात शिरून पाट मागू लागली. घरच्या बाईने आधी मला लाटणे दाखवले. मग एका थकलेल्या म्हातारीला तिने चहा दिला, म्हातारीने नको नको म्हणताना पैसे ठेवले. आता तिथे खरेच भजी मिळतात. (मिरची जरा कमी घालावी असे माझे मत आहे, पण ते मी तिथे बोलत नाही.)

शेवटी एक हुबेहूब चेहरा काढला. डाव्या कानाची गडबड झाली, ती झाकायला डोक्यामागे पिवळे वर्तुळ मारले. निळा पुष्कळ उरला होता, तो सगळा मागे आभाळ म्हणून लावला. कपाळावर विभूती, नजर शांत. दाजी, स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण मी दोन पावले मागे सरलो आणि माझेच हात जोडले गेले.

भिंतीने नशीब काढले. आसपासच्या गावांतून माणसे कैलासवासी वडिलांचे फोटो घेऊन यायलीत, असाच पिवळा गोल आणि असेच निळे आभाळ पाहिजे म्हणतात. वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद आणखी काय असतो? लोभ असू द्यावा.

आपला,
मन्मथअप्पा पेंटर

ता.क. भिंत आपली आहे. भजी माझी अक्का तळते. हे वर लिहायचे राहून गेले.

ता.क. दुसरा : चेहराही आपलाच आहे. माझ्या पाकिटात दुसऱ्या कुणाचा फोटो नव्हता. मी गंगाखेडला परत आलो आणि मागे शेजारच्या दगडाबाईने चित्राला हार घातला. तिथून गावभर झाले की महालिंगअप्पा सोलापुरात शिवैक्य झाले. गंगम्मा अक्का सांगायली की अहो, परवाच त्यांची मनीऑर्डर आली. तर बाया तिला जवळ घेऊन म्हणतात, धसका बसलाय बिचारीला. मी धावत गेलो तोवर चावडीत शोकसभा सुरू. मला पुढे बसवले आणि मी तोंड उघडले की कुणीतरी पाणी पाजायचे. तरी कृपा करून मिळेल त्या गाडीने यावे आणि स्टँडवर एक चक्कर मारावी.

ता.क. तिसरा : पाकीट बंद करणार तोच अक्काचा निरोप आला. त्या सभेत सर्वात जास्त रडले ते तुमचे बांधावरचे भांडखोर माणिकराव. "असा सरळ माणूस होणे न्हाई," म्हणाले, आणि मी परतल्यावर तुमच्या शेताचा जो पट्टा ते इतकी वर्षे नांगरून खात होते तो तुमच्या स्मरणार्थ सोडला. तलाठी मोजणीला होळीनंतर येणार आहे. अक्का म्हणते, सही-शिक्का होईस्तोवर इकडे फिरकू नका, आणि सोलापुरातही पालमचा माणूस दिसला तर गल्ली बदला.