मधोमध काढलेली वस्ती

बाबा, काल मी एका बाईच्या हातातली काठी काढून घेतली.

तुम्ही वारलात तेव्हा मी नववीत होते, त्यामुळे माझं काम तुम्हाला ठाऊक नाही. काचीगुड्यातल्या एका लहान संस्थेत मी आहे. आम्ही गावात जातो, बायकांच्या हातात काठी देतो आणि त्यांनाच जमिनीवर आपल्या गावाचा नकाशा काढायला सांगतो. त्यांनी काढायचं, आपण गप्प बसायचं. नव्या मुलींना हा नियम मीच शिकवते. काल एका म्हाताऱ्या बाईने अंगणभर आपली वस्ती काढली, एकेक घर, एकेक चिंच, आणि अख्खं गाव कोपऱ्यात मुठीएवढं. पाण्याची टाकी कुठे बसणार ते या नकाशावरून ठरायचंय. ऊन चढत होतं, आमच्या संस्थेचे सर घड्याळ बघत होते. मी म्हणाले, "अम्मा, गाव मध्ये यायला हवं ना?" आणि काठी घेऊन मीच पुसलं, मीच काढलं. ती पदर झटकून उठली. "सगळं ठाऊक होतं तर आम्हाला उन्हात कशाला बसवलंस?" बायका हसल्या. टाकीची खूण गावाच्या बाजूला पडली. सर म्हणाले, "क्या बात है, एकदम साफ नकाशा!"

मला दिलसुखनगरचं आपलं स्वयंपाकघर आठवलं. आई भाकरीला बसलीय, परातीत ज्वारीचं पीठ, आणि तुम्ही बोटाने त्यात तुमचं गाव काढताय. वस्ती मधोमध, गाव पार काठाला. मी शाळेत नकाशे शिकून आलेली. "असं नसतं बाबा," म्हणत मी पीठ सारखं केलं. तुम्ही हात झटकलात. "मी माझ्या दारातून बघतोय. तू कुठून बघतेस गं?" पुन्हा काही तुम्ही ते काढलं नाहीत.

अहवालात त्या नकाशाखाली 'गावातील महिलांनी काढलेला' असं लिहायचंय. आज मी सरांना म्हणाले, "नकाशा माझा आहे, परत जाऊया." ते म्हणाले, "नक्को अम्मा, तुझी नोकरी अजून पक्की व्हायचीय." तरी मी नकाशाखाली लिहिलं, 'हा कार्यकर्तीने काढला, ग्राह्य धरू नये,' आणि अहवाल पाठवला. सरांचा फोन दोनदा वाजून गेलाय. सोमवारी, नोकरी असो नसो, मी त्या बाईच्या दारात जाऊन बसणार आहे.

हे पत्र पोचणार नाही ठाऊक आहे, तरी पाकीट घेतलं आणि वर तुमच्या वस्तीचा पत्ता लिहायला गेले. गावाचं नाव येतं मला. वस्तीचं कधी विचारलंच नव्हतं.