हिरव्या चौकटीतले अठ्ठेचाळीस हजार

४ जून, रविवार
मुलीला फिजिओथेरपीला प्रवेश मिळाला. पहिला हप्ता अठ्ठेचाळीस हजार, २५ सप्टेंबरच्या आत. नाहीतर जागा पुढच्या नंबरला. मेहुण्याच्या सांगण्यावरून बायकोने मोबाइलवर खर्चाचं ॲप घेतलंय. मला म्हणाली, तुम्हीही घ्या. मी स्पष्ट सांगितलं, पंपांच्या कारखान्यात वीस वर्षं डिस्पॅचची शीट सांभाळतोय, मेहुण्याने मला शिकवू नये. फी माझ्या पगारातून, माझ्या शीटवर. शब्द म्हणजे शब्द.
कॉम्प्युटरवर शीट तयार. तेवीस रकाने. किराणा पिवळा, वीज केशरी, बचत हिरवी. महिना बारा हजार, चार पगारांत काम फत्ते. रंग निवडण्यात दिवस गेला. घराबाहेर पडलो नाही, म्हणजे तीही बचतच.

१३ जून
हिचं ॲप चोंबडं आहे. दूध घेतलं की टुणकन विचारतं, किती? कशाचे? माझी शीट कशी, उघडल्याशिवाय तोंड उघडत नाही. घरात एक तरी शांत माणूस हवं.

२ जुलै
माझी पद्धत: पावत्या शर्टाच्या खिशात, रविवारी सगळ्या एकदम शीटमध्ये. शर्ट धुतला गेला. अर्थात हिची चूक. आकडे अंदाजाने भरले. अंदाज माझा पहिल्यापासून चांगला आहे.

१९ जुलै
तेवीस रकाने एका स्क्रीनवर मावेनात. मोठा मॉनिटर घेतला. बचत नीट दिसावी म्हणून घेतला, तेव्हा बचतीच्या रकान्यातच टाकला. वर बघून मान धरली म्हणून खुर्चीही घेतली. तीही तिथेच. मुलीने विचारलं, बाबा, बचतीत खर्च कसा? पोरीला हिशेबातलं ओ की ठो कळत नाही. बरं झालं, फिजिओथेरपीला चालली.

८ ऑगस्ट, सकाळी ७
बचतीची बेरीज उणे येतेय! फॉर्म्युला बिघडलाय. तासभर शोधलं, चूक सापडेना. शेवटी फॉर्म्युला पुसला आणि हाताने ३६,००० टाइप केलं. ठळक. हिरवं. आता बरोबर आहे.

सकाळी ८.३०
हिने विचारलं, जमतायत ना पैसे? मी नुसता मॉनिटर तिच्याकडे वळवला. तिने हिरवी चौकट बघितली. मग मोबाइल घेऊन आत गेली. पटलं असणार.

५ सप्टेंबर
३६ चे ४८ केले. लक्ष्य पुरं, तेही वीस दिवस आधी! मेहुण्याला मुद्दाम फोन करून ऐकवलं. ऑफिसातल्या अकाउंटंटलाही. तो म्हणाला, बँकेत किती आहेत? काही माणसांना दुसऱ्याचं चांगलं बघवतच नाही.

२४ सप्टेंबर, दुपारी
फी भरायला बसलो. मुलगी शेजारी फॉर्म घेऊन. पैसे जाईनात. बँक म्हणते शिल्लक ६,१४०. रविवार, म्हणून बँकेच्या हेल्पलाइनला फोन लावला. तिथल्या बाई फारच नम्र होत्या, तीन वेळा तेच सांगितलं. मी म्हटलं, माझ्याकडे पुरावा आहे, शीटचा फोटो पाठवतो. त्या म्हणाल्या, पाठवा.
मुलीने फॉर्म परत फाइलमध्ये ठेवला. म्हणाली, असू दे बाबा, पुढच्या वर्षी बघू. ओरडली असती तर बरं झालं असतं. जेवलो नाही.

२५ सप्टेंबर
फी भरली. हिने. ती घरी शिकवण्या घेते, त्या पैशांतून.
तिच्या ॲपमध्ये पैशांची पाकिटं करतात. किराणा, वीज, आजारपण. आणि एक, 'ह्यांची शीट'. त्यात दर महिन्याला बारा हजार. सुरू केल्याची तारीख ४ जून. मी विचारलं, तुला पहिल्याच दिवशी कसं कळलं? म्हणाली, अहो, तुम्ही दिवसभर रंग निवडत होतात.
मुलगी तिच्या गळ्यात पडली. मी खुर्चीत बसून होतो. लाज वाटली, खोटं कशाला लिहू.
तरीही नोंद असावी म्हणून: शीटप्रमाणे अठ्ठेचाळीस भरायचे होते, अठ्ठेचाळीसच भरले. आकडा चुकलेला नाही.
सहा वाजता मॉनिटर बघायला गिऱ्हाईक येतंय. हिने बोलावलंय. खुर्ची मात्र देणार नाही, असं मी ठणकावून सांगणार होतो. गिऱ्हाईक खुर्चीही बघणार आहे.