पुसलेलं गोंदण

अण्णा, आज दुकान लवकर बंद केलं आणि शटर ओढून आतच हे लिहीत बसलो आहे. तुम्ही गेल्यावर स्टुडिओत काय काय बदललं ते तुम्हाला कधी सांगितलं नाही, आणि आज सांगतोय तेही तोंड लपवतच.

डार्करूमच्या जागी आता कॉम्प्युटर आहे आणि त्यात एआयची तीन सॉफ्टवेअर. लग्नाच्या अल्बमचं वेगळं. ते ढीगभर फोटोंतून मिटलेल्या डोळ्यांचे बाजूला काढतं आणि उरलेल्यांचे चेहरे असे गुळगुळीत करतं, की नवरीच्या मावशाही खूश. ओळखपत्राच्या फोटोंचं वेगळं. जुन्या, फाटक्या फोटोंसाठी तिसरं. ते जरा संथ, भेगा बुजवतं पण चेहऱ्याला फारसा हात लावत नाही. डहाणूपासून चिंचणीपर्यंतचे फोटोवाले मला फोन करून विचारतात, "कोणतं घेऊ?" मीही ऐटीत म्हणतो, "आधी सांग, काम कसलं आहे?" दुसऱ्यांना शहाणपण शिकवायला मी नेहमी पुढे.

गेल्या महिन्यात तलासरीकडून, झरीहून एक बाई आली. आई वारली होती, दिवसकार्याला लावायला मोठा फोटो हवा होता. जवळ एकच जुना फोटो, जत्रेत काढलेला, मधोमध घडी पडलेला. लग्नसराई चालू होती, अल्बमचं सॉफ्टवेअर समोर उघडंच होतं. दुसरं उघडायचा मी कंटाळा केला. एवढंच कारण आहे, अण्णा, याहून मोठं काही नाही. घडी गेली, चेहरा उजळला. तिला बसची घाई, म्हणून फ्रेम कागदात गुंडाळून हातात दिली.

तुम्ही असं कधी केलं नसतंत. अजून डोळ्यांसमोर आहे: मी कॉलेजात आहे, तुम्ही भिंगाखाली कुणा बागायतदाराच्या आईची निगेटिव्ह धरून बसला आहात, आणि मी म्हणतो, ओठावरचा तो मस घालवून टाका की. तुम्ही रिटचिंगची पेन्सिल खाली ठेवता. "तुझी आई आहे का ती? मग ज्यांची आहे त्यांना विचार." आणि खरंच, तुम्ही घरच्यांना बाकावर बसवून, चहा मागवून विचारायचात, काय ठेवायचं, काय काढायचं. मला तो सगळा वेळेचा खोळंबा वाटायचा.

दिवसकार्य उरकल्यावर बाई फ्रेम घेऊन परत आली. भांडली नाही. काउंटरवर फ्रेम ठेवून म्हणाली, "दादा, ही माझी आयस नाय. कपाळावरचं, हनवटीवरचं गोंदण कुठं गेलं? बांगड्या आम्ही काढून ठेवल्या. गोंदण तेवढं तिच्यासंगं गेलं. ते तुम्ही पुसलं?"

मूळ फोटोत गोंदण स्वच्छ दिसत होतं. तो फोटो त्या दिवशीच्या घाईत माझ्याच ड्रॉवरमध्ये राहिला होता. तरी मी म्हणालो, "जुना फोटो आहे बाई, कॉम्प्युटरला दिसलं नसेल." मग तो तिसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला. तिचा चहा संपायच्या आत एकेक ठिपका जागच्या जागी आला. बाई रडायलाच लागली. "तुम्ही शोधून आणलं, दादा," म्हणत माझ्या पाया पडली, आणि मी पाय मागेही घेतले नाहीत. लाज वाटते अण्णा, फार लाज वाटते.

ती गेल्यापासून मला काउंटरवरच्या तुमच्या फोटोकडे बघवत नाही. तोही त्याच अल्बमच्या सॉफ्टवेअरमधून काढलेला आहे. तुमच्या गालांवरचे देवीचे वण त्यात नाहीत. तिथे कंटाळा नव्हता. तुमचा फोटो मी अल्बमच्या आणि जुन्या फोटोंच्या, दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये करून पाहिला, शेजारी शेजारी लावून पाहिला, आणि वणांशिवायचा निवडला. गिऱ्हाइकांसमोर बरा दिसेल म्हणून. रोज त्याला हार घालतो. आईने तो एकदाच पाहिला, तेव्हापासून ती दुकानात येत नाही. गुडघे दुखतात म्हणते. मी कधी खोदून विचारलं नाही. हा कागदही घरी नेणार नाही, तिच्या हाती पडेल.