दगड झालेल्या झाडांकडे जायचा रस्ता

७ ऑक्टोबर, मंगळवार
ठरलं. शुक्रवारी इब्तिहालच्या वडिलांना वाळवंटातलं ते दगड झालेल्या झाडांचं रान दाखवायला नेणार. हे शुक्री काका रिटायर्ड मास्तर, जन्मभर भूगर्भशास्त्र शिकवलेले. खूश झाले की कुराणातली फातिहा वाचतील. फातिहा वाचली की लग्न पक्कं. रस्ता माहीत आहे ना, विचारत होते. म्हटलं, डोळे बांधून नेईन. स्वतः कधी गेलेलो नाही, पण कैरोच्या उशालाच तर आहे!

९ ऑक्टोबर, गुरुवार
नकाशा बघणार होतो. राहिलं. नकाशे परदेशी लोक बघतात. इब्तिहालचा फोन: पप्पांना डायबिटिस आहे, खायला बरोबर घे. बाराच्या आत परत येणार, डबा कशाला?

१० ऑक्टोबर, शुक्रवार, सकाळी १०.२०
भाजीवाला म्हणाला उजवीकडे. पाववाला म्हणाला डावीकडे. 'माहीत नाही' म्हणायचं आमच्या लोकांच्या अगदी जिवावर येतं. माझं तसं नाही. मी फक्त खात्री करून घेत होतो.

११.४५
पोचलो! वाळूत भुरकट ओंडकेच ओंडके. काकांना पाव तास माहिती दिली. कोट्यवधी वर्षं, पूर, गाळ, सगळं. काका चष्मा पुसत ऐकत होते. मग म्हणाले, जावईबापू, या झाडातून लोखंडी सळई बाहेर आलीय. म्हटलं, असते एखाद्या जातीत.

दुपारी १.३०
गाडी रुतली. काकांना दरदरून घाम. हात थरथरतायत. साखर उतरली. जवळ खजूरसुद्धा नाही. मी भ्यायलोय. या अल्ला, यांना काही झालं तर इब्तिहालला कोणतं तोंड दाखवू?

२.१०
जवळच्या बांधकामावरच्या रखवालदाराने चहा दिला. चहा कसला, पाकच. काका सावरले. काकांनी त्याला रानाचा रस्ता विचारला. तो म्हणाला, मला नाही बा ठाऊक, तुम्ही आधी बसा, चहा प्या. काका त्याच्याकडे बघतच राहिले. मग विचारलं, तुम्हाला लग्नाचा मुलगा आहे का हो?
थट्टा करतायत. म्हणजे मूड चांगला आहे.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
इब्तिहाल फोनवर रडली. पप्पा अजून राजी आहेत, म्हणाली. फक्त एकदा तोंडाने म्हण, रस्ता माहीत नव्हता. एवढंच, वजदी, माझ्यासाठी.
हात्तिच्या! आरशासमोर अकरा वेळा म्हटलं. तोंडपाठ.

१६ ऑक्टोबर, गुरुवार, संध्याकाळ
आईला घेऊन इब्तिहालच्या घरी गेलो. फातिहा झाली की सगळ्यांना वाटायचं गुलाबी सरबत टेबलावर भरून ठेवलेलं. इब्तिहाल दारात उभी. नवा ड्रेस. काकांनी फातिहासाठी हात उघडले, थांबले, आणि अगदी मायेने विचारलं, बाळा, त्या दिवशी रस्ता माहीत होता का रे तुला?
म्हटलं, माहीत होता ना काका. मधल्या काळात रानच हलवलंय.
आईने कपाळावर हात मारून घेतला. काकांनी हात मिटले. इब्तिहाल पुढे आली, माझ्याकडे न बघता एकेक पेला उचलून आत घेऊन गेली.