चार बोटं आखूड लादी

मासळी विकणाऱ्या बायांनो, बाप्यांनो, वीस वर्षं तुम्ही चार कारखान्यांचे उंबरे झिजवलेत आणि चारही ठिकाणांहून त्याच भावाची, तीच आखूड बर्फाची लादी घेऊन परतलात. हे मृत्युपत्र वारसांइतकंच तुमचं आहे. बाजारात मोठ्याने वाचावं.

मी, चौथ्या बर्फ कारखान्याची मालकीण, वय चौऱ्याहत्तर, हे राजीखुशीने लिहिते. डॉक्टर म्हणतात, हृदय अर्धंच चालतं. डोकं पूर्ण चालतं. आधीची मृत्युपत्रं रद्द.

१. आधी कबुली. पती वारले तेव्हा बाकीचे तिघे मालक सांत्वनाला आले आणि उठताना म्हणाले, "वहिनी, भांडून कोणाचं भलं झालंय? मिळून राहू." तेव्हापासून दर मंगळवारी न्हाव्याच्या दुकानात आमची बैठक. तोंडाला साबण फासलेल्या माणसांवर कोण संशय घेणार? दाढी नसलेली मी एकटीच! तिथेच भाव ठरले, गिऱ्हाइकं वाटली गेली, आणि चौघांनी एकाच वेल्डरकडून बर्फाचे साचे चार बोटं कापून घेतले. एक मासळीवाली ओरडली, "बाई, तुमच्या बर्फाला आमच्याआधी घाम फुटतो!" मी म्हणाले, "यंदा ऊन फार." ऊन नव्हतं. मी होते.

२. राहतं घर मुलाला. तो म्हणतो, "आई, त्या तिघांना धरून राहावं." राहा बाबा, पण घरात. कारखान्यात नको.

३. कारखाना, यंत्रं, परवाना सुनेला. कॉम्प्रेसर बिघडला की मुलगा फोन शोधतो, ती पाना शोधते. अट एवढीच: साचे पूर्वीइतके लांब करावेत आणि भाव स्वतःच्या अकलेने ठरवावा. बैठकीला एकदा जरी गेली, तरी हे कलम रद्द.

४. तिन्ही मालकांना एकेक वस्तरा. दाढी घरी करा.

५. पाचवा कारखाना निघाला होता, आठवतं? आम्ही तीन महिने जवळजवळ फुकट बर्फ विकला. तुम्ही आमच्याकडे धावलात, तो बुडाला, आणि दुसऱ्या दिवशी भाव दुप्पट. ती चाल माझी होती. आता ते तिघे ती माझ्या सुनेवर खेळतील. ज्या सकाळी ते फुकट बर्फ वाटू लागतील, त्या सकाळी तुमच्या टोपल्या सुनेच्या दारात आणा आणि रोख मोजून तिचाच बर्फ घ्या.

साक्षीदार: न्हावी (सही), वेल्डर (अंगठा)
सही: चौथी मालकीण
ठिकाण: कारखान्याचं ऑफिस
तारीख: ९ मार्च