तिसऱ्या सिम्फनीचा शेवट कुणाला द्यायचा

मी, हेड्विका पेश्कोवा, वय वर्षे सदुसष्ट, ब्रनो रेडिओ केंद्रातली निवृत्त ध्वनिफीत-संपादक आणि संगीतकार ओत्मार पेशेक यांची विधवा, हे लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे आणि माझ्यावर कुणाचंही दडपण नाही. दडपण आणणारा एकच माणूस होता, तो अकरा वर्षांपूर्वी वारला. याआधी मी कुणाला तोंडी जी काही आश्वासनं दिली असतील, ती सगळी या कागदाने रद्द समजावीत. आश्वासनं मी बरीच दिली आहेत. लोक रविवारी वेळेवर यायचे ते त्यामुळेच.

हात कापतात म्हणून मजकूर टंकलेखन यंत्रावर लिहिला आहे. सही मात्र हाताने करीन, आणि असा कागद असला की कायद्याला दोन साक्षीदार लागतात. त्यांच्याबद्दल शेवटी.

कलम १. तिसऱ्या मजल्यावरची माझी सदनिका, बँकेतली शिल्लक आणि भांडीकुंडी माझी पुतणी यित्का हिला. तिने ओत्मारचं संगीत कधी ऐकलं नाही आणि ऐकल्याचं सोंगही केलं नाही. स्वयंपाकघराच्या नळाला पाना लागतो, तो खालच्या खणात आहे.

कलम २. माझा लोकरी कोट धर्मादाय पेटीत टाकावा. ब्लाजेनाला देऊ नये. तिने तो तीन वेळा मागितला आहे.

कलम ३. आता ज्यासाठी हा कागद आहे ते. ओत्मारने तीन सिम्फनी लिहिल्या आणि सात चौकड्या. चौकडी म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो, आणि वाजवताना एकमेकांकडे न बघणारी चार माणसं. तिसऱ्या सिम्फनीची एकमेव ध्वनिफीत माझ्या पलंगाखाली आहे. तिचं हस्तलिखितही तिथेच आहे. जगात दुसरी प्रत नाही. ही फीत आपल्याला मिळणार अशा आशेवर दोन माणसं सदतीस वर्षं दर रविवारी सकाळी अकराला माझ्याकडे येऊन आलुबुखाराच्या बुख्ती, म्हणजे आत सारण भरलेले गोड पाव, खात आली आहेत.

पहिला रादोवान शिम्सा, संगीत समीक्षक. त्याच्या मते ओत्मार म्हणजे सिम्फनी, आणि चौकड्या म्हणजे थकलेल्या माणसाचं घरगुती रफूकाम. दुसरी ब्लाजेना कुबेशोवा, जिने त्या चौकड्यांत दुसरं व्हायोलिन वाजवलं. तिच्या मते सिम्फनी म्हणजे सरकारी समारंभाला भाड्याने आणलेला कोट, आणि खरा ओत्मार चौकड्यांत. खरा ओत्मार कुठे होता ते मला विचारायचं दोघांनाही कधी सुचलं नाही. मी बुख्ती आणत होते ना.

त्यांचं भांडण असं चाले.

"ब्लाजेना, चार माणसांत विश्व मावत नाही."

"तुझ्या विश्वाला ऐंशी माणसं लागतात रे, तरी त्यातलं एकही सुरात नसतं!"

"तू सुरावर बोलतेस? तू?"

मग ब्लाजेना माझ्याकडे वळायची. "हेड्विका, सांग ना याला." मी म्हणायची, "अजून एक घे." आणि ती घ्यायची.

कलम ४. हे कलम रादोवानने नीट वाचावं. त्याचं नाव झालं ते तिसऱ्या सिम्फनीवरच्या पुस्तकाने. त्या अख्ख्या पुस्तकाचा डोलारा एका गोष्टीवर उभा आहे: सिम्फनी कुजबुजत संपते. गडगडाट दुसऱ्या भागात उरकून शेवटी संथ, विझत जाणारा भाग ठेवला, हे केवढं धाडस! त्या काळात, त्या सरकारच्या नाकावर टिच्चून! रादोवानने त्या शेवटाला चाळीस पानं दिली आहेत. विद्यार्थी ती पाठ करतात.

तो शेवट ओत्मारचा नाही. माझा आहे.

डिसेंबर १९६१. चारही भाग वेगवेगळ्या दिवशी ध्वनिमुद्रित झाले होते, चार रिळं, चार डबे. ती क्रमाने सांधून एक फीत करायची, हे माझं काम. आमच्या केंद्रात नियम होता की सांधण्याआधी प्रत्येक रिळाची सुरुवात ऐकायची, डब्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. तो नियम मी इतर मुलींना शिकवत असे. त्या दिवशी खालच्या चौकात संत्री आली होती. वर्षातून एकदा, नाताळाच्या आधी यायची, आणि रांग पुलापर्यंत गेली होती. मी डब्यांवरचे आकडे बघितले, सांधे मारले, कोट घातला आणि पळाले. दुसऱ्या आणि चौथ्या भागाची रिळं एकमेकांच्या डब्यांत होती.

दोन किलो मिळाली.

रात्री प्रसारण झालं. ओत्मार रेडिओसमोर बसला होता. दुसरा भाग म्हणून जेव्हा शेवटचा भाग सुरू झाला, तेव्हा त्याने हातातलं संत्रं सोलायचं थांबवलं. मला तेव्हाच कळलं. तोंड उघडायला माझ्याकडे वीस मिनिटं होती. मी मूग गिळून बसले. मग फोन वाजला. रादोवान इतक्या मोठ्याने ओरडत होता की मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आलं.

"ओत्मार! हा शेवट! असा शेवट करायची छाती आपल्या देशात दुसऱ्या कुणाची नाही!"

माझा नवरा एकेचाळीस वर्षांचा होता आणि तोवर त्याच्या संगीताबद्दल कुणी फोनसुद्धा केला नव्हता. त्याने हातातलं संत्रं खाली ठेवलं. मग म्हणाला, "आभारी आहे." फोन ठेवून तो झोपायला गेला. संत्रं तसंच अर्धं सोललेलं राहिलं.

कलम ५. हे कलम ब्लाजेनाने पाणी जवळ ठेवून वाचावं. चौथ्या चौकडीत तीन ठोके येतात, थोडं थांबून एक. सबंध चौकडीभर येतात. ब्लाजेना गेली पस्तीस वर्षं सांगत आली आहे की ते तिचं हृदय आहे. ओत्मारने सरावाच्या वेळी तिच्या पाठीला कान लावून ऐकलं होतं म्हणे. लावलाही असेल कान. ठोके मात्र अनेश्का कोप्रिवोवाच्या झाडूचे आहेत.

अनेश्काबाई माझ्या खालच्या मजल्यावर राहतात. कापड गिरणीत तीस वर्षं रात्रपाळीला माग चालवला. ओत्मारचं संगीत त्यांना पहिल्यापासून असह्य होतं, आणि ते त्या झाडूच्या दांड्याने छताला सांगत: तीन ठोके, आणि ऐकलं नाही तर आणखी एक. ओत्मारने सिम्फनी पियानोवर बसवली ती बरोबर त्यांच्या डोक्यावर, दोन वर्षं, रोज सकाळी. ब्लाजेना, ज्या ठोक्यांवर तू डोळे मिटून मान डोलवायचीस, तो "बंद करा!" असा निरोप होता.

कलम ६. प्रसारणानंतरच्या रविवारी मी ती फीत एका दिवसापुरती घरी आणली. केंद्राने मोडीत काढलेलं यंत्र आमच्याकडे होतं. रादोवान, ब्लाजेना, ओत्मार आणि मी ऐकत होतो. गडगडाटी भाग दुसरा लागला आणि खालून झाडू सुरू झाला. तीन आणि एकवर थांबला नाही, चालूच राहिला. मग दारावर थाप पडली. अनेश्काबाई गिरणीच्या डगल्यात, हातात झाडू.

"अहो पेशेक, हे काय लावलंय? हे शेवटी येतं ना! आधी ते रडकं, मग ती पळापळ, आणि मग हा धिंगाणा. रडकं कुठे गेलं?"

रादोवान हसून हसून ठसकला. "बाई, तुम्ही संगीतकारालाच सांगताय?"

"सांगतेय! दोन वर्षं माझ्या डोक्यावर बडवलंय त्यांनी. धागा उलटा गेला की मला मागावर कळतं, तर हे कळणार नाही?"

ब्लाजेनाही हसली. मग सगळ्यांनी ओत्मारकडे बघितलं. मी पण. साऱ्या देशात एका माणसाने त्याची सिम्फनी खरोखर ऐकली होती, आणि ती बाई झाडू घेऊन दारात उभी होती. त्याने फक्त "हो" म्हणायचं होतं.

"अनेश्काबाई," तो म्हणाला, "तुम्ही आपले माग सांभाळा."

त्या खाली गेल्या. त्यानंतर त्यांनी झाडू वाजवला, पण वर कधी आल्या नाहीत. त्याच आठवड्यात ओत्मारने लाल पेन्सिल घेऊन हस्तलिखितावरचे भागांचे आणि पानांचे आकडे बदलले, रादोवानने प्रसारणावर छापलेल्या लेखाप्रमाणे. पुढल्या वर्षी ती सिम्फनी वाजवून घेणारा वाद्यवृंदाचा संचालक देश सोडून पळाला, त्याच्या सगळ्या फिती पुसायचा हुकूम आला. मी नोंदवहीत "पुसली" असं लिहिलं आणि फीत कोटाखालून घरी आणली. सिम्फनी पुन्हा कधी वाजली नाही. ओत्मारने पुन्हा सिम्फनी लिहिली नाही. रादोवान म्हणतो, शेवट सापडल्यावर लिहायचं काय उरतं! ब्लाजेना म्हणते, त्याला चौकडीत प्रेम सापडलं. तो घाबरला होता, मूर्खांनो. चौकडीला फितीचे सांधे लागत नाहीत.

आम्ही दोघं याबद्दल सव्वीस वर्षं एक अक्षर बोललो नाही. इस्पितळात, शेवटच्या दिवशी, मी त्याचे ओठ पुसत होते. त्याने डोळे उघडले.

"गोड होती का गं ती संत्री?"

"आंबट होती," मी म्हटलं. खोटं बोलले. इतकी गोड संत्री मी आयुष्यात पुन्हा खाल्ली नाही, आणि हे मी कुणालाही सांगितलेलं नाही.

कलम ७. तिसऱ्या सिम्फनीची फीत, हस्तलिखित, यंत्र, सांधे मारायचं माझं ब्लेड आणि चिकटपट्टी, हे सगळं मी अनेश्का कोप्रिवोवा यांना देते. गेल्या मंगळवारी मी खाली गेले होते. त्या बटाटे सोलत होत्या. मी विचारलं, "तो क्रम अजून आठवतो?" बटाट्यावरून नजर न उचलता त्यांनी चारही भागांच्या सुरुवाती गुणगुणून दाखवल्या. एकही सूर चुकला नाही. ब्लाजेनाचा रोज चुकायचा.

"फीत तुम्हाला ठेवते," मी म्हटलं.

"मला काय करायचीय? आवडलं नाही हो मला ते. तेव्हाही नाही, आत्ताही नाही. जाळून टाकीन."

"जाळा. पण आधी तिन्ही सांधे कापून नीट लावा आणि एकदा वाजवा. कसं कापायचं ते मी शिकवते."

त्यांनी सुरी खाली ठेवली. "त्यांनी तेव्हा मला का हाकललं हो?"

मी सांगितलं. सगळं, संत्र्यांसकट. त्यांनी सुरी पुन्हा उचलून हातातला बटाटा सोलून संपवला. मग म्हणाल्या, "वाजवीन. मोठ्याने वाजवीन." त्यानंतर जाळायचं की ठेवायचं हा अधिकार पूर्णपणे त्यांचा. त्यांच्यावर कुणी दबाव आणू नये, विशेषतः पुस्तकाची सुधारित आवृत्ती काढू पाहणाऱ्याने.

कलम ८. साक्षीदार. रादोवान आणि ब्लाजेना आज अकराला येतील. दोघांनाही मी वेगवेगळं गाठून फीत कबूल केली आहे. मजकुरावर टीपकागद ठेवून मी फक्त सहीची जागा उघडी ठेवणार आहे. ज्या दोघांनी एका विरामावर एक हिवाळा वाद घातला, ते हा कागद वाचायला मागणार नाहीत, कारण एकाने वाचला तर दुसराही वाचेल, आणि आपलं नाव दुसऱ्याला आत्ताच दिसू नये असं दोघांनाही वाटतं. आपल्या कायद्याप्रमाणे, जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला त्या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही. हे त्यांना माहीत नाही. पण मला एवढ्यावरही भरवसा नव्हता, म्हणून वर त्यांना काही ठेवलेलंच नाही.

दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात, तो तिसरा खालच्या मजल्यावर होता.

माझ्याबद्दल कुणी बरं बोलू नये. दफनाच्या वेळी संगीत नको.

हा माझ्या अखेरच्या इच्छेचा कागद आहे असं दोन्ही साक्षीदारांसमोर, ते एकाच वेळी हजर असताना, मी मोठ्याने सांगितलं आणि सही केली. ब्रनो, रविवार, ८ नोव्हेंबर १९९८.

हेड्विका पेश्कोवा

साक्षीदार:

१. रादोवान शिम्सा, संगीत समीक्षक

२. ब्लाजेना कुबेशोवा, व्हायोलिनवादक

ताजा कलम, माझ्या हाताने, त्याच दिवशी, ते गेल्यावर. ब्लाजेनाने सही करताना माझा हात दाबला. रादोवान म्हणाला, "पेन छान आहे." दोघांनी मिळून नऊ बुख्ती खाल्ल्या. फीत मी त्यांच्यासाठी शेवटची म्हणून लावली होती, नेहमीच्या क्रमाने. दुसरा भाग सुरू झाला आणि खालून झाडू वाजला. ब्लाजेनाने छातीवर हात ठेवला आणि डोळे मिटले. हे. पे.