उतरलेला गंधार

३ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. या वेळी देताना हात आखडतोय, तरी देते.

बाबांच्या पंचाहत्तरीची भेट म्हणून तू पाठवलेला कारागीर स्वर मोजायचं यंत्र घेऊन आला आणि दोन तासांत पेटी उघडून, घासून, सगळे स्वर काटेकोर करून गेला. बाबा तेव्हा दात दाखवायला गेले होते. दार मीच उघडलं, चहाही मीच दिला, म्हणून राग दुप्पट आहे. परत आल्यावर बाबांनी दोन ओळी वाजवल्या, गंधारावर थांबले आणि भाता मिटला. त्याला अकरा दिवस झाले.

आज खोदून विचारलं. गाताना आईचा गंधार म्हणे कायम किंचित खाली लागायचा. तिला सुधारण्यापेक्षा त्यांनी लग्नाच्या वर्षी, घड्याळाच्या कानशीने, पेटीतली त्या स्वराची पितळी पट्टीच खरवडून उतरवली. दर रविवारची नवी चाल त्याच गंधारावर बांधली, आई गेल्यावरही सहा वर्षं. आता म्हणतात, ही पेटी परक्या घरची वाटते, हिच्यावर काही सुचत नाही.

दिसेल ते नीटनेटकं करायची तुझी खोड कधी जाणार?

लोभ आहेच, तो यंत्राने मोजू नकोस.
ताई

१० मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. पत्र दोनदा वाचलं, दोन्ही वेळा चिडलो.

आईच्या गंधाराचं मला कधी कुणी सांगितलं होतं? मला वाटायचं, पेटी जुनी आहे, बिघडली आहे. तिच्यावर कान तयार झाला आणि दहाव्या वर्षी व्हायोलिनच्या वर्गात मास्तर वीस पोरांसमोर माझं बोट धरून वर सरकवायला लागले. पोरं मला ‘घसरगुंडी’ म्हणायची. तो कान मोडायला चार वर्षं लागली. आजही स्टुडिओत थकलो की बोट खाली बसतं, आणि काचेपलीकडचा ध्वनिमुद्रक हात वर करतो. ज्या स्वराने माझा इतका छळ केला, तो बाबांना तरी छळू नये, एवढंच मनात होतं.

बाबा घड्याळजी आहेत, कानस त्यांच्या हातातली. त्यांनीच गंधार पुन्हा उतरवून घ्यावा.

रागासकट तुझाच,
धाकटा

१७ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. वर्गातलं तू घरी कधी बोलला नाहीस, हेही मी विसरणार नाही.

पट्टी मुळाशी खरवडली की स्वर उतरतो. बाबांनी दोनदा खरवडली आणि कानस खाली ठेवली. किती उतरवायचा तेच आठवेना. नव्या गंधाराने जुना पुसून टाकला, म्हणाले. पट्टी आता इतकी पातळ झाली आहे की चुकून जास्त खरवडली तर तुटेल. आईचा आवाज आपण कुणीच टेपवर घेतला नाही, कारण ती समोरच असायची. मला सूर नाही, हे तू लहानपणापासून चारचौघांत सांगत आलास.

म्हणून विचारते, मास्तरांनी तुझ्यातून जे काढलं, ते खरंच गेलंय का? गेलं नसेल तर व्हायोलिन घेऊन ये.

तुझी खोली झाडत, पुटपुटत असलेली,
ताई

२९ मार्च

चि. धाकट्यास,
उदंड आशीर्वाद. तुझा मफलर इथेच राहिला. ताई म्हणते, डोकं राहिलं नाही हेच नशीब.

तुझ्या मास्तरांचा पत्ता कळव, मला चार शब्द लिहायचे आहेत. त्याहून मोठा राग स्वतःवर आहे. ती चार वर्षं मी लोकांची घड्याळं लावत बसलो आणि पोरगं वर्गातून तोंड पाडून का येतं, ते विचारलं नाही.

तू डोळे मिटून व्हायोलिनवर बोट सोडून दिलंस आणि ते खाली जाऊन बसलं. मी कानस तीनदाच फिरवली. सूर नसलेली ताई आतून हात पुसत धावत आली आणि दारातच उभी राहिली, तेव्हा पट्टी लागली हे मला कळलं.

रविवारी चाल बांधली. दुसरी ओळ पेटीवर येत नाही, ती व्हायोलिनचीच आहे. सोबत लिहून पाठवतो. वाजवताना बोट त्याच्या जागी राहू दे. काचेपलीकडून कुणी हात वर केलाच, तर त्याला माझ्याकडे पाठव.

तुझा,
बाबा